वय किती? जन्मतारखेच्या रकान्यामागचं संशोधन

गेल्या जूनमधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्रासाठी तासिका तत्त्वावर दोन जागा भरायच्या होत्या. मी मुलाखतीला गेले होते. माझ्यासोबत एक ताई होत्या. मी जिथून एम.एस्सी. केलं, त्याच विभागातून त्या माझ्या दहा वर्षं आधी बाहेर पडल्या. मी 28 वर्षांची, त्या 38 च्या. लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण हे सगळं सांभाळत गेली बारा वर्षं त्या खासगी क्लासमध्ये शिकवताहेत.

आधी ताई आत गेल्या. त्यांना विचारलं, "मॅडम, आता या वयात आर, पायथन वगैरे नवीन शिकायला जमेल का?" मग माझा नंबर लागला. मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तर विद्यार्थिनीच दिसता. पोरं ऐकतील का तुमचं?" गंमत म्हणजे आम्हा दोघींपैकी कुणालाही फळ्यापाशी उभं करून "दहा मिनिटं काहीतरी शिकवून दाखवा" असं कुणी म्हटलं नाही.

नंतर एसटी स्टँडवर चहा पिताना ताई हसत म्हणाल्या, "मी दहा वर्षांनी मोठी पडले, तू दहा वर्षांनी लहान. मग बरोबर वय कुणाचं गं?" आणि थोड्या वेळाने, न हसता, "जेआरएफचं वय उलटलं तेव्हाच मी समजले होते, आपलं संशोधनाचं वय गेलं."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते वाक्य चूक आहे, आणि नेमकं कुठे चूक आहे ते संशोधनाच्या भाषेत सांगता येतं. आजची पोस्ट त्यावर. तुम्ही नेट-सेट किंवा पेटची तयारी करत असाल आणि फॉर्ममधला जन्मतारखेचा रकाना भरताना पोटात गोळा येत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

समज, भावना आणि कृती

आधी शब्द नीट लावून घेऊ. "म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटर जमत नाही" हा झाला स्टिरिओटाइप, म्हणजे साचेबंद समज. एका गटाबद्दलचं वाक्य आपण समोरच्या एकट्या माणसावर चिकटवतो. "मला म्हाताऱ्यांबरोबर काम करायला कंटाळा येतो" हा पूर्वग्रह. ती भावना आहे. आणि "पन्नाशीच्या वरचे अर्ज बाजूला काढा" हा भेदभाव. ती कृती आहे. तिन्ही एकमेकांना जोडलेले असतात, पण मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या. प्रबंधाचा आराखडा लिहिताना तुम्ही यातलं नक्की काय मोजताय हे पहिल्या पानावर स्पष्ट नसेल, तर गाइड पहिला प्रश्न तोच विचारतील.

वयावरून होणाऱ्या या प्रकाराला इंग्रजीत "एजिझम" म्हणतात. हा शब्द अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1969 मध्ये रूढ केला. रेसिझम आणि सेक्सिझमच्या धर्तीवर त्यांनी तो बनवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने वृद्ध होते. पण समज तरुणांबद्दलही असतातच: "टिकत नाहीत", "जबाबदारी कळत नाही", "पोरं ऐकणार नाहीत".

वृद्धांबद्दलच्या समजांचा एक खास आकार आहे. सुझन फिस्के आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेल्या मॉडेलनुसार आपण कुठल्याही गटाला दोन पट्ट्यांवर मोजतो: हा गट किती प्रेमळ, आणि किती सक्षम. वृद्धांना पहिल्या पट्टीवर भरपूर मार्क मिळतात, दुसरीवर कमी. म्हणजे "आजोबा फार गोड आहेत, पण त्यांच्याकडे काम नको". म्हणूनच हा भेदभाव लवकर लक्षात येत नाही. तो अपमान करत येत नाही, काळजी करत येतो. ताईंना विचारलेल्या "जमेल का?" मध्येही आवाज काळजीचाच होता.

हे मोजायचं कसं?

मालकाला थेट विचारलं, "तुम्ही वय बघून निवडता का?" तर तो "छे छे" म्हणणार. म्हणून संशोधकांनी आडवाटा शोधल्या.

पहिली वाट, कागदावरचा प्रयोग. बेन्सन रोझेन आणि थॉमस जेर्डी यांनी 1976 मध्ये बिझनेस शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मॅनेजरच्या खुर्चीत बसवलं आणि काही कार्यालयीन प्रसंग वाचायला दिले. प्रत्येक प्रसंगात एका कर्मचाऱ्याबद्दल निर्णय घ्यायचा होता. प्रसंग तोच, शब्द तेच, बदललं फक्त कर्मचाऱ्याचं वय. कर्मचारी तरुण असला की विद्यार्थी म्हणायचे, त्याच्याशी बोलू, सुधारेल. तोच वयस्क असला की म्हणायचे, हा काही बदलणार नाही, दुसरा बघा. एकच चूक, पण तरुणाची असेल तर ती "सवय" आणि वयस्काची असेल तर तो "स्वभाव".

या पद्धतीची मर्यादा तुम्हाला दिसलीच असेल. ते खोटे मॅनेजर होते, पगार खोटा, परिणामही खोटे.

म्हणून दुसरी वाट, प्रत्यक्ष बाजारातला प्रयोग. खऱ्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवायचे. अर्ज सगळ्या बाबतीत सारखे, फक्त वय वेगळं. मग कुणाला बोलावणं येतं ते मोजायचं. जोआना लाही यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन शहरांत स्त्रियांच्या नावाने सुरुवातीच्या पातळीवरच्या नोकऱ्यांसाठी असे अर्ज पाठवले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रीला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता पन्नाशीवरच्या स्त्रीपेक्षा 40 टक्क्यांहून जास्त निघाली. डेव्हिड न्यूमार्क, इयन बर्न आणि पॅट्रिक बटन यांचा 2019 चा अभ्यास त्याहून कितीतरी मोठा, 40,000 हून जास्त अर्जांचा. त्यात ऑफिस असिस्टंटच्या जागांसाठी तिशीच्या आसपासच्या स्त्रियांना 14.4 टक्के वेळा उत्तर आलं, पन्नाशीच्या आसपासच्यांना 10.3 टक्के आणि 65 च्या आसपासच्यांना 7.6 टक्के. पुरुषांच्या बाबतीत पुरावा इतका ठाम नव्हता. म्हणजे वय एकटं काम करत नाही, ते स्त्री असण्याबरोबर मिळून काम करतं.

ही पद्धत भारताला नवी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. तिथे खूण होती आडनावाची.

आता समजा तुम्हाला असाच प्रयोग वयासाठी सातारा किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या जागांवर करायचा आहे. तीन अडचणी येतील. पहिली, आपल्याकडे बायोडेटात जन्मतारीख उघडच लिहितात, त्यामुळे वय कळवणं सोपं. पण नावही वय सांगतं. शांताबाई आणि श्रेया यांच्या जन्मतारखा झाकल्या तरी पिढी कळते. म्हणजे नावं नीट निवडली नाहीत तर तुम्ही वय मोजताय की नावाचा गावठी-शहरी वास, हे कळणार नाही. दुसरी अडचण अवघड आहे. पन्नाशीच्या माणसाला पंचविशीच्या मुलाइतकाच दोन वर्षांचा अनुभव दाखवला, तर वाचणारा विचारणार, "बाकीची वर्षं काय करत होता?" आणि 25 वर्षांचा अनुभव दाखवला, तर दोन्ही अर्ज सारखे राहत नाहीत. वरच्या अभ्यासांनीही याच्याशी झगडा केलाय. याला एकच चोख उत्तर नाही. दोन्ही प्रकारचे अर्ज पाठवून तुलना करणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तिसरी, नैतिक अडचण. खऱ्या छोट्या उद्योजकाचा वेळ आपण खोट्या अर्जांवर खर्च करतोय. त्यामुळे नैतिकता समितीची परवानगी आधी, अर्ज नंतर.

पण समज खरेच असले तर?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा. मालक म्हणेल, "मी भेदभाव नाही करत, अनुभवाने सांगतोय." मग त्याच्या विधानाची परीक्षा घेऊ.

थॉमस एनजी आणि डॅनिएल फेल्डमन यांनी 2012 मध्ये नेमकं हेच केलं. 418 अभ्यास आणि दोन लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती एकत्र करून वयस्क कर्मचाऱ्यांबद्दलचे सहा लोकप्रिय समज तपासले: त्यांच्यात उमेद कमी असते, ते प्रशिक्षणाला उत्सुक नसतात, बदलाला विरोध करतात, विश्वास कमी ठेवतात, तब्येत खराब असते, आणि घर-नोकरीच्या ओढाताणीत जास्त सापडतात. सहापैकी पाच समजांना आधार मिळाला नाही. एकाला मिळाला: प्रशिक्षण आणि करिअर-विकासाच्या कार्यक्रमांत भाग घ्यायची तयारी वयाबरोबर थोडी कमी दिसते.

इथे थांबा. हा एक निष्कर्ष "बघा, म्हटलं होतं ना!" म्हणून वापरला जाऊ शकतो. पण तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पन्नाशीच्या माणसाला साहेब ट्रेनिंगला पाठवतच नसतील, पाठवलं तरी त्यानंतर बढती मिळणार नसेल, तर त्याची उत्सुकता का टिकावी? सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे आपण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पाठ करतो. पाठ केलेलं वापरायची जागा हीच.

माझा सगळ्यात आवडता अभ्यास मात्र टायपिंगचा आहे. साताऱ्यात काय, सांगलीत काय, टायपिंग इन्स्टिट्यूट नाही असा तालुका सापडणार नाही. मराठी 30, इंग्रजी 40 ची परीक्षा म्हणजे क्लार्कच्या नोकरीचं दार. टिमथी सॉल्टहाउस यांनी 1984 मध्ये 19 ते 72 वयाचे टायपिस्ट तपासले. प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचणीत वयस्कांची बोटं हळू पडली. म्हणजे शरीराचा वेग खरोखर कमी झाला होता. पण प्रत्यक्ष टायपिंगचा वेग? वयाप्रमाणे घटला नाही. मग ही तूट भरली कशी? वयस्क टायपिस्ट मजकुरात जास्त पुढचं वाचत होते. बोटं एका अक्षरावर असताना डोळे कितीतरी अक्षरं पुढे असायचे, त्यामुळे पुढची हालचाल आधीच तयार असायची.

यातून शिकण्यासारखं काय? "वेग कमी होतो" हे क्षमतेच्या एका तुकड्याबद्दल खरं असू शकतं आणि तरीही "काम कमी होतं" हे खोटं असू शकतं. काम म्हणजे अनेक तुकड्यांची जुळवाजुळव. जर्मनीतल्या एका ट्रक जोडणी कारखान्यातही अ‍ॅक्सेल बोर्श-सुपान आणि मॅथियास वाइस यांना असंच दिसलं: साठीपर्यंत उत्पादकता घसरत नाही. वयस्क कामगारांच्या हातून चुका थोड्या जास्त होतात, पण मोठ्या, महागात पडणाऱ्या चुका कमी होतात. अडचणीच्या वेळी काय करू नये, हे त्यांना माहीत असतं.

आकडे वाचतानाचे तीन सापळे

*पिढीचा सापळा.* आज 25 वर्षांची शंभर आणि 55 वर्षांची शंभर माणसं घेतली, दोघांची संगणक चाचणी घेतली आणि 55 वाले मागे पडले. निष्कर्ष काय? "वयाबरोबर कौशल्य घटतं"? नाही. या 55 वर्षांच्या माणसाच्या शाळेत संगणक नव्हता. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी 2001 मध्ये सुरू झालं, तेव्हा तो तिशीत होता, नोकरीला लागलेला होता. तुम्ही वय मोजलं नाही, पिढी मोजली. वेर्नर शाय यांनी 1956 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने हा फरक ठळक केला. त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा अनेक बौद्धिक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून असल्याचं दिसलं. वेगवेगळ्या पिढ्यांची एकाच दिवशी तुलना केली की मात्र घसरण खूप आधी सुरू झाल्यासारखी वाटते.

*उरलेल्यांचा सापळा.* हा उलट्या दिशेचा आहे, आणि माझ्या बाजूचे पुरावे देताना मी तो लपवणार नाही. कारखान्यात 58 वर्षांचे जे कामगार दिसतात, ते टिकून राहिलेले कामगार आहेत. ज्यांचे गुडघे गेले, पाठ गेली, ते आधीच बाहेर पडले. त्यामुळे "वयस्क कामगार तंदुरुस्त असतात" हा निष्कर्षही सरसकट खरा नाही. ऊसतोड किंवा हमालीसारख्या कामात शरीर झिजतं, हे वास्तव आहे. स्टिरिओटाइपला विरोध करायचा म्हणून शरीर नाकारायचं कारण नाही.

*सरासरीचा सापळा.* दोन वयोगटांच्या सरासरीत फरक असला तरी गटाच्या आतला फरक बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. 38 वर्षांची एक व्यक्ती आणि 38 वर्षांची दुसरी व्यक्ती यांच्यातलं अंतर, 28 आणि 38 च्या सरासरीतल्या अंतरापेक्षा जास्त निघू शकतं. मग एकट्या माणसाबद्दल अंदाज बांधायला वय हा कमकुवत आधार ठरतो. दहा मिनिटं फळ्यावर शिकवायला सांगितलं असतं, तर त्या समितीला आमच्याबद्दल जन्मतारखेपेक्षा कितीतरी जास्त कळलं असतं.

अट क्षमतेची की वाटपाची?

आता मूळ मुद्द्यावर येते. वयाची कुठलीही अट दिसली की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: ही अट माणसाच्या क्षमतेबद्दल काही सांगतेय, की मोजक्या जागा आणि पैसे वाटण्याचा तो एक नियम आहे?

साताऱ्यातच बघा. तहसील कार्यालयातला राज्य सरकारचा लिपिक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. त्याच कार्यालयातला गट ड चा शिपाई 60 व्या वर्षी. शेजारच्या टपाल कार्यालयातला केंद्र सरकारचा कर्मचारीही 60 व्या वर्षी. मुंबईत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती 62 व्या वर्षी आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे 65 व्या वर्षी. मेंदू थकायचं वय खातं बघून बदलतं का? उघड आहे, हे आकडे क्षमता मोजून काढलेले नाहीत. त्यामागे निवृत्तिवेतनाचा हिशेब आहे, खालच्यांच्या बढतीचा प्रश्न आहे, राजकारण आहे.

भरतीचंही तसंच. एप्रिल 2016 मध्ये राज्य सेवेत येण्याची खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा 33 वरून 38 झाली, मागासवर्गीयांसाठी 43. कोविडमुळे परीक्षा रखडल्या म्हणून मार्च 2023 मध्ये त्यात दोन वर्षांची तात्पुरती सूट मिळाली. आणि जुलै 2023 मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपये मानधनावर तात्पुरतं नेमायचा निर्णय झाला. कमाल वय 70. डी.एड., बी.एड. झालेली मुलं तेव्हा चिडली होती, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. एकच शासन 58 ला "पुरे झालं" म्हणतं आणि कमी पैशात असेल तर 70 पर्यंत "चालेल" म्हणतं. शिक्षकाची क्षमता या दोन्ही निर्णयांत कुणी मोजली नाही. पण दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांच्या वयावर मात्र भरपूर तोंडसुख घेतलं. वाटपाच्या भांडणाला क्षमतेची भाषा लागते ती अशी.

काही वेळा अटीत दुसरंच काही लपलेलं असतं. 1981 चा एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा खटला वाचा. त्या वेळी मुंबईच्या या कंपनीत हवाई सुंदरी 35 व्या वर्षी निवृत्त व्हायच्या, मुदतवाढ मिळाली तर 45 पर्यंत. त्याच विमानात सेवा देणारे पुरुष कर्मचारी 58 पर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी जाण्याची अट रद्द केली, व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर मुदतवाढ ठेवणारी तरतूदही रद्द केली. पण स्त्री-पुरुषांच्या निवृत्तीच्या वयातला फरक मोडला नाही. कारण दोघांची पदं वेगळी मानली गेली. इथे वय या शब्दाखाली दिसण्याबद्दलचे आणि बाईपणाबद्दलचे समज होते.

कायद्याचा आधार कितपत? संविधानाच्या कलम 16(2) मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभावाला मनाई आहे. या यादीत वय नाही. खासगी कंपनीने जाहिरातीत "वय 25 ते 30" छापलं तर ते सरसकट बेकायदा ठरवणारा केंद्रीय कायदाही नाही. अमेरिकेत 40 वर्षांवरच्यांना संरक्षण देणारा कायदा 1967 पासून आहे.

आणि संशोधनाचं वय?

यूजीसी-नेटमध्ये जेआरएफसाठी कमाल वय 2018 मध्ये 28 वरून 30 झालं. स्त्रिया आणि राखीव प्रवर्गांना 5 वर्षांची सवलत. त्या वर्षी देशातल्या 29 वर्षांच्या मुलांचे मेंदू अचानक तल्लख झाले नव्हते. नियम बदलला, एवढंच. आणि त्याच परीक्षेतून सहायक प्राध्यापक पदाची पात्रता मिळवायला कमाल वयाची अटच नाही. पेपर तोच, दिवस तोच. यावरूनच कळतं की 30 ही मर्यादा फेलोशिपच्या वाटपाची आहे, तुमच्या संशोधनाची नाही. पीएच.डी. प्रवेशासाठी यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीतही कमाल वय नाही. उलट स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची वाढ आणि 240 दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण उपक्रमातली पीएच.डी. फेलोशिप तर स्त्रियांना 27 ते 45 या वयात मिळते. म्हणजे तिथे 24 वर्षांची मुलगी "लहान" ठरते! (हे नियम बदलत राहतात. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचं माहितीपत्रक बघाच.)

"पण मोठे शोध तरुणपणीच लागतात ना?" हा आपल्या क्षेत्रातला खास स्टिरिओटाइप. रोबेर्ता सिनात्रा, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 2,887 भौतिकशास्त्रज्ञांची आख्खी कारकीर्द तपासली. प्रत्येकाचा सर्वांत गाजलेला शोधनिबंध त्याच्या निबंधांच्या क्रमात कुठे येतो? उत्तर: कुठेही. पहिला असण्याची शक्यता जितकी, तितकीच मधला किंवा शेवटचा असण्याची. मग गाजलेलं काम तरुणपणी जास्त का दिसतं? कारण सुरुवातीच्या वर्षांत लोक जास्त निबंध लिहितात. लॉटरीसारखं समजा. प्रत्येक तिकिटाची शक्यता सारखीच, पण तरुण माणसं तिकिटं जास्त काढतात. तिकीट काढणं थांबवलं की बक्षीस थांबतं. वय तिकिटाची किंमत कमी करत नाही.

उद्योगातही हेच. पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांची माहिती तपासली, तेव्हा सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय 45 निघालं. आपल्याकडचं उदाहरण पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा आणि किर्लोस्करवाडी वसली 1910 मध्ये. म्हणजे चाळिशी गाठल्यावर त्यांनी माळरानावर नव्याने सुरुवात केली. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण "चाळिशीनंतर काही सुरू होत नाही" हे सरसकट विधान मोडायला एक उदाहरण पुरतं.

तुम्ही काय करू शकता

एक, फेलोशिपची मर्यादा आणि प्रवेशाची मर्यादा वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. पैशाचा प्रश्न खरा आहे, मी तो हलका करत नाही. जेआरएफ नसेल तर पाच वर्षं कशी काढायची, हे घरात बसून ठरवावं लागतं. पण तो पैशाचा प्रश्न आहे. त्याला "माझं वय झालं" हे नाव देऊ नका, कारण पैशाच्या प्रश्नाला पर्याय शोधता येतात, वयाला नाही.

दोन, मुलाखतीत "या वयात जमेल का?" असं विचारलं, तर वयाचं समर्थन करत बसू नका. प्रश्न कामाकडे वळवा: "सर, मी दहा मिनिटं शिकवून दाखवू का?" किंवा "हा मी केलेला प्रोजेक्ट बघा."

तीन, हा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार असेल तर खूप वाव आहे. वर दिलेले बहुतेक आकडे अमेरिका आणि युरोपातले आहेत. एमआयडीसीतले ठेकेदार, खासगी क्लास, दवाखाने, पतसंस्था इथे वय कसं वाचलं जातं, हा प्रश्न तुमच्या गावापासून सुरू होऊ शकतो.

त्या मुलाखतीचा निकाल? दोन्ही जागांवर आमच्यापैकी कुणीच नाही. ताईंना ही पोस्ट छापायच्या आधी वाचायला पाठवली होती. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: "बारा नाही, तेरा वर्षं झाली शिकवायला." मग खाली पेटच्या अर्जाची पावती जोडली होती. फी भरलेली. आता रोज रात्री क्लास सुटल्यावर आम्ही फोनवर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो. आर शिकायला त्यांना तीन आठवडे लागले. मला एम.एस्सी.ला असताना पाच लागले होते, पण यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढणार नाही. नमुना फारच लहान आहे.